निस्टची फुकट सायबर गाईड, मकरपुऱ्यात वर्षभर वापरून बघितली

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे, व्हॉल्व्हचे पार्ट बनवतो, मालक माझे काका आणि अकाउंट्स, मेल, कम्प्युटर हे सगळं माझ्या गळ्यात. गेल्या वर्षी बाहेरच्या एका कस्टमरने ऑर्डरच्या आधी सायबर सिक्युरिटीचे प्रश्न भरून मागितले, चार पानं, आणि मला त्यातलं निम्मं कळेना. आधी एक कन्सल्टंट गाठला, त्याने पैसे घेऊन पॉलिसीची जाडजूड फाईल दिली आणि तिसऱ्या पानावर भलत्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेलं. खूप संताप आला. मग शोधता शोधता निस्टची छोट्या धंद्यांसाठीची क्विक स्टार्ट गाईड सापडली. निस्ट म्हणजे अमेरिकेच्या वाणिज्य खात्याखालची संस्था, त्यांचं सायबर सिक्युरिटी फ्रेमवर्क, म्हणजे धंद्याने कम्प्युटर आणि डेटा कसा सांभाळायचा याचा आराखडा, पहिल्यांदा 2014 मध्ये आलं आणि 2.0 फेब्रुवारी 2024 मध्ये. सगळं फुकट, ना लॉगिन ना फी.

मूळ फ्रेमवर्कमध्ये सहा फंक्शन, म्हणजे कामाचे मोठे भाग, आणि त्याखाली 106 छोटे मुद्दे आहेत, ते वाचून आमच्यासारख्याची छातीच दडपते, म्हणून सुरुवात छोट्या गाईडनेच करा. त्यात काय समजून घ्यायचं, काय तपासायचं, आधी काय करायचं, कोणाला सांगायचं असं साध्या भाषेत दिलंय. आयडेंटिफाय (काय जपायचं ते ओळखा), प्रोटेक्ट (जपा), डिटेक्ट (हल्ला ओळखा), रिस्पॉन्ड (हल्ला झाल्यावर काय करायचं), रिकव्हर (पुन्हा उभं राहा) ही पाच फंक्शन पहिल्यापासूनची, गव्हर्न (कोण ठरवणार, जबाबदारी कोणाची) हे 2.0 मध्ये नव्याने घातलं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच. कारण आमच्याकडे समज एकच, कम्प्युटरचं काय ते कम्प्युटरवाला बघेल. गव्हर्नचं पान घेऊन मी काकांसमोर बसले आणि सरळ विचारलं, काका, उद्या टॅली बंद पडलं तर किती दिवस चालेल आपलं, आणि ते कोण ठरवणार? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दोन दिवस, त्यापुढे डिस्पॅच थांबतो. हा आकडा आजवर कोणीच बोलून दाखवला नव्हता, आणि बॅकअप रोज घ्यायचा की आठवड्याने, त्यावर किती खर्च करायचा हे सगळं त्याच आकड्यावर ठरलं.

रिकव्हरचं पान म्हणतं, बॅकअप परत टाकण्याआधी तो धड आहे का ते तपासा. आमची हार्ड डिस्क सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेली, वर काकांच्या अक्षरात "बॅकअप" असं स्टिकर, आणि केबल चोवीस तास लावलेली. वेगळ्या लॅपटॉपवर उघडून बघितलं तर शेवटची एन्ट्री आठ महिन्यांपूर्वीची! पोटात गोळाच आला. शिवाय फाईली लॉक करून पैसे मागणारं रॅन्समवेअर आलं असतं तर जोडलेली डिस्कही लॉक झाली असती. आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून, काम झालं की काढून एक काकांच्या घरी दांडिया बाजारला जाते, आणि महिन्यातून एकदा मी स्वतः उघडून बघते. मेल आणि बँकेला ओटीपीचं दुसरं कुलूप लावलं, राऊटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला, हे दोन्ही प्रोटेक्टच्या पानावरचं.

कमी कुठे पडते तर, गाईड काय करायचं ते सांगते, कसं ते फारसं नाही, राऊटरच्या सेटिंगसाठी मला हार्डवेअरवाल्या भाईलाच बोलवावं लागलं. दुसरं म्हणजे रिस्पॉन्डमध्ये आपल्या देशातल्या कायद्याचं तुम्हालाच बघावं लागतं. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचे असतात आणि सिस्टिमचे लॉग, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे असतात, ते मी पेनाने त्याच पानावर लिहून ठेवलंय, शेजारी पैशाच्या फसवणुकीसाठीचा हेल्पलाईन नंबर 1930. आणि सर्टिफिकेट हवं असेल तर ते इथे मिळत नाही, त्यासाठी आयएसओ 27001 या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं ऑडिटच करावं लागतं, कस्टमर काय मागतोय ते आधी नीट विचारा. आमच्या कस्टमरला सर्टिफिकेट नको होतं, खरी उत्तरं हवी होती, ती आम्ही भरून दिली, जिथे "नाही" होतं तिथे "नाही" लिहून पुढे तारीख टाकली.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण भाषा इंग्रजी, शॉपफ्लोअरवरच्या मुलांसाठी डिटेक्टचं पान मला गुजरातीत लिहून काढावं लागलं. ते आता पंचिंग मशीनजवळ लावलंय आणि गेल्या आठवड्यात स्टोअरच्या मुलाने पार्टीचा बँक अकाउंट बदलल्याचा एक मेल उघडायच्या आधी मला फोन करून विचारलं, ताई, हा खरा आहे का?