आजीच्या हनुवटीवरचं गोंदण

पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नारायण पेठेतल्या आमच्या घरातून फारसं काही वाचलं नाही. फोटोंची एक पत्र्याची पेटी वाचली, तीही पाणी लागलेली. त्यातले फोटो मी या दिवाळीत स्कॅन करून घेतले आणि ते लावून ठेवायला, डाग काढायला मोबाइलवर एक ॲप घेतलं. सात दिवस मोफत, फक्त एक रुपयाचं ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करायचं.

तीन रात्री बसून मी नावं भरली. कोण कोणाची जाऊ, कुठलं लग्न, सगळं. डाग तर क्षणात गेले. हरखून जाऊन आजीचा फोटो मोठा छापला आणि कोथरूडला आत्याकडे नेला. तिने तो खिडकीशी धरला, चष्मा पुसून परत पाहिला.

"अगं, ही कोण?"

आजीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ॲपने ते डाग समजून पुसले होते. डोळेही आजीचे नव्हते. हे नंतर कळलं की चेहरा पुसट असला की असले प्रोग्रॅम मूळ चेहरा शोधत नाहीत; हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं काहीतरी तिथे भरतात. जाहिरातीत मात्र 'हरवलेला चेहरा परत मिळवा' असं लिहिलेलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मी ॲप सहाव्या दिवशीच काढून टाकलं होतं. तरी आठव्या दिवशी खात्यातून ४,९९९ रुपये गेले. ॲप काढल्याने ऑटोपे बंद होत नाही, ते आपल्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करावं लागतं. आदल्या दिवशी पैसे कापणार असल्याचा मेसेज आला होता, जाहिरातींच्या गर्दीत तो दिसलाच नाही. असे मेसेज कृपा करून वाचा.

पैसे गेलेच आहेत तर निदान काम तरी मिळावं म्हणून ॲप परत टाकलं. फोटो बाहेर काढले तर बारीक आकाराचे आले, आणि भरलेलं एकही नाव सोबत नाही. चार ईमेल केले, चारही वेळा तेच छापील उत्तर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

कुठलंही सॉफ्टवेअर घ्याल तर आधी दोनच फोटो टाका, नावं भरा आणि बाहेर काढून बघा. आणि चेहरा असा निवडा, जो ओळखणारं माणूस अजून घरात आहे.

मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर वेगळे ठेवले होते म्हणून निभावलं. आता डिजिकॅम नावाचं फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात आणि नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहिता येतात. शनिवारी आत्या येते, ती सांगते, मी टाइप करते. आजीच्या फोटोखाली तिने लिहायला लावलं: 'हनुवटीवर तीन ठिपके. गोंदण आहे, पुसू नये.'