ऑपरेशननंतर घरी: मच्छरदाणी की अंगाला लावायचं क्रीम?

ठाण्यात ऐन पावसाळ्यात गुडघा बदलून घरी आलेल्या आईसाठी काय घ्यावं? मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीस डासाची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीतलं स्वच्छ पाणीही तिला पुरतं.

राखणीत औषधी, म्हणजे डास मारणारं औषध लावलेली मच्छरदाणी सरस, पण कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. जाळीला हात टेकला तर डास बाहेरूनही चावतो, म्हणून ऐसपैस घ्या. २० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं क्रीम चार-पाच तासच टिकतं, घाम आला की त्याहून कमी. शिवलेल्या जागेवर किंवा ड्रेसिंगखाली ते लावायचं नाही.

मच्छरदाणी मार खाते ती रात्री बाथरूमला उठताना. वॉकरचा पाय जाळीत अडकला की नवा गुडघा धोक्यात! उतरायच्या बाजूची जाळी आधी पूर्ण वर टाका, मगच उठवा.

खर्च? मच्छरदाणी दोन-तीन वर्षं जाते, क्रीम सतत आणावं लागतं.

बराच वेळ पडून असणाऱ्यांना मच्छरदाणी. तिन्हीसांजेला हॉलमध्ये बसणाऱ्या, चालण्याचा सराव करणाऱ्यांना क्रीम. आणि थंडी वाजून ताप आला तर ‘ऑपरेशनचाच असेल’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला कळवून रक्त तपासून घ्या.