स्पिनटीएक्स: घरी स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांसाठी एकदम कामाची साइट

मी टेक्ससमध्ये हायस्कूलला स्पॅनिश शिकवते, त्यातला एक वर्ग हेरिटेज स्पीकर्सचा, म्हणजे घरी आजीशी फाडफाड स्पॅनिश बोलणारी पण शाळा सगळी इंग्लिशमधून केलेली पोरं. यांच्यासाठी आणलेलं पुस्तक सुरू कुठून होतं तर रंग आणि आकड्यांपासून! सुट्टीत बापाबरोबर कामावर जाऊन अख्खा दिवस स्पॅनिशमध्ये काढणाऱ्या नववीतल्या पोराला लाल-निळा काय शिकवणार, कपाळ. शेवटी वैतागून ऑस्टिनच्या टेक्सस युनिव्हर्सिटीची स्पिनटीएक्स वापरायला लागले, फुकट आहे.

टेक्ससमधल्याच स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या मुलाखतींच्या छोट्या छोट्या क्लिप्स आहेत, सोबत ट्रान्सक्रिप्ट, आणि विषयावरून नाहीतर व्याकरणावरून शोधता येतात. लोक बोलता बोलता इंग्लिशमध्ये घुसतात, परत स्पॅनिशवर येतात, अगदी घरी बोलतात तसं. पोरं आधी खो खो हसली, मग एक जण म्हणाली, 'मिस, ही तर माझ्या मावशीसारखी बोलते'. हे मोठं काम झालं हो, कारण यांच्या डोक्यात आपलं स्पॅनिश म्हणजे वाईट स्पॅनिश हेच बसलेलं असतं. इथे १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्लिश सोडून शिकवायलाच बंदी होती, द्विभाषिक शिक्षणाचा कायदा आला थेट १९७३ मध्ये, शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून मार खाल्लेले आजोबा अजून आहेत.

मी काय करते, ट्रान्सक्रिप्ट झाकून क्लिप लावते, ऐकलं ते वहीत लिहायचं आणि मग ताडून बघायचं. बी आणि व्ही चा उच्चार सारखाच, एच मुका, त्यामुळे 'इबा' (iba, म्हणजे जात होतो) हमखास व्ही ने लिहितात, 'आसेर'चा (hacer, म्हणजे करणे) एच गायब, आणि अक्षरावरची अ‍ॅक्सेंटची खूण तर कोणाच्या गावीच नसते. बोलायला सांगा, अडखळणार नाहीत. मग क्रियापदांचे तक्ते कशाला घोकायला लावायचे, यांना लिहिणं शिकवा ना. वर्कशीट मात्र मी माझी बनवते, रविवारची संध्याकाळ त्यात जाते.

इथल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवली तर ती म्हणे, आपल्या पोरांसाठी असं काहीतरी करायला पाहिजे, कोणी करत असेल तर कळवा.

एकच, वर्गात लावायच्या आधी क्लिप स्वतः पूर्ण बघून घ्या, मोठ्या माणसांच्या मोकळ्या गप्पा आहेत त्या.