बिलाशिवाय घेतलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह

माझी चौदा वर्षे जुनी पेट्रोल गाडी कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागे आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेने ऑईल पाझरे. घरीच पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर तो काजळीने इतका आखडला होता की हलवला तरी आतल्या दट्ट्याचा आवाज येत नव्हता. पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरणारा वायू हा व्हॉल्व्ह पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा ओढणाऱ्या मार्गात नेतो. तो तुंबला की इंजिनात दाब साठतो आणि ऑईल सीलमधून बाहेर पडते. होज (रबरी नळी) काढायचा, जुना व्हॉल्व्ह ओढून काढायचा, तो ज्यात बसतो तो कडक झालेला रबराचा ग्रोमेट (कडे) बदलायचा आणि नवा बसवायचा, एवढेच काम होते.

फसवणूक झाली ती खरेदीत. शहरातील एका स्पेअर पार्टच्या दुकानात मला कंपनीच्या नावाचे खोके मिळाले, त्यावर 640 रुपये छापले होते आणि दुकानदाराने ते 450 ला देऊ केले. मी पक्के बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "बिल कशाला साहेब? वर अठरा टक्के टॅक्स पडतोय. माल कंपनीचाच आहे की." मी मान डोलावली, आणि चूक झाली ती इथेच. पाकिटावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर आधीच धरलेले असतात, त्यामुळे बिल घेतल्यास वर कर लागेल हे म्हणणेच खोटे असते. आणि हे मला माहीत असूनही दोनशे रुपये वाचतील या विचारापुढे ते आठवले नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती वाढली आणि इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पुढच्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावरून खाली उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा मागे निळसर धुराचा लोट दिसला. पंधरा दिवसांत डिपस्टिकवरील ऑईल खालच्या खुणेपाशी आले. गॅरेजच्या मेस्त्रींनी रिंगा आणि व्हॉल्व्ह सील गेल्याचे सांगून इंजिन उतरवण्याचा पस्तीस हजारांचा अंदाज दिला, आणि त्या लक्षणांवरून तसे वाटणे अगदीच चुकीचे नव्हते.

शिरोलीच्या एमआयडीसीत आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले शेजारचे काका आडवे आले. "पोरा, इंजिनला हात घालण्याआधी तो व्हॉल्व्ह बाहेर काढ," असे म्हणून त्यांनी व्हॉल्व्हला स्वच्छ नळी लावून दोन्ही टोकांनी फुंकून पाहिले (तोंडाने आत ओढू मात्र नये). इंजिनाकडून हवा जावी, इनटेककडून अडावी. इथे दोन्हीकडून सारखीच जात होती. मग तो हॅकसॉने चिरला, तर आतला दट्ट्या छिद्राच्या मानाने फारच बारीक निघाला. आयडलिंगला आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला असताना इनटेकमधील ओढ सर्वांत जास्त असते, त्या वेळी दट्ट्याने वाट आवळायची असते. ती न आवळल्याने ऑईलची वाफ थेट इनटेकमध्ये ओढली जात होती.

दुकानात गेलो तेव्हा "हा आमच्याकडचाच कशावरून?" एवढेच उत्तर मिळाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही, पण माझ्या हातात खरेदीचा कागदच नव्हता. खोके नीट पाहिले असते तरी उमगले असते: त्यावर निर्मात्याचा पूर्ण पत्ता नव्हता, निर्मितीचा महिना-वर्ष नव्हते आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांकही नव्हता. हे सगळे छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर दुसरा व्हॉल्व्ह आणला, तो हलवताच खुळखुळला. काळवंडलेले स्पार्क प्लगही बदलावे लागले. आता दोन महिन्यांनंतर ऑईल वरच्या खुणेच्या जवळच आहे आणि इंजिन उघडावे लागलेले नाही. चिरलेला व्हॉल्व्ह आणि दोन्ही खोकी मी जपून ठेवली आहेत. कोल्हापुरात कोणाला आपल्याकडचा भाग त्यांच्याशी ताडून पाहायचा असेल, तर मी आनंदाने दाखवेन.