गाणे आमचे, हक्क सांगणारे भलतेच: पुण्यातल्या एका 'म्युझिक प्रमोशन'चा अनुभव

स्वतःच्या खर्चाने गाणे ध्वनिमुद्रित करून ते इंटरनेटवर आणणारे गायक, संगीतकार आणि गीतकार पुण्यात आता गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यांना 'लोकांपर्यंत पोहोचवून देतो' असे सांगणाऱ्यांचा धंदाही त्यांच्याबरोबरच वाढला आहे. या धंद्यातल्या एका कंपनीने आमची जी फसवणूक केली, ती अशा प्रत्येकाला सविस्तर कळावी म्हणून हे लिहिते आहे. आमचे पैसे गेले, त्याचा त्रास झालाच. परंतु पैशांपेक्षा मोठी गोष्ट त्यांनी उचलली होती, आणि ती उचलली गेल्याचे कळायलाच कित्येक महिने गेले.

आमचे गाणे मुठा नदीवर होते. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि काठावर पाणी पाहणाऱ्यांची गर्दी जमते; त्या गर्दीत उभ्या असलेल्या एका आजींच्या तोंडचे ते गाणे. शब्द साताऱ्याच्या एका शिक्षक मित्राचे, चाल माझी आणि गळा माझ्या विद्यार्थिनीचा. सहकारनगरमधल्या एका छोट्या स्टुडिओत तबला, बासरी आणि व्हायोलिन प्रत्यक्ष वाजवून घेतले, आणि मिक्सिंग-मास्टरिंग धरून सुमारे सत्तर हजारांचा खर्च आम्ही तिघांनी वाटून घेतला.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांसारख्या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर एकट्यादुकट्या कलाकाराला गाणे थेट देता येत नाही; मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, जो वार्षिक शुल्क किंवा उत्पन्नातला हिस्सा घेऊन गाणे सगळीकडे पोहोचवतो. आम्ही त्या शोधात असतानाच एका ओळखीच्या वादकाकडून बाणेरच्या या कंपनीचे नाव कळले. कार्यालय नीटनेटके होते, भिंतीवर नामवंत गायकांबरोबर काढलेली छायाचित्रे होती आणि समोर बसलेल्या तरुणाला या क्षेत्राची खरोखरच माहिती होती. 'मॅडम, वर्षभरात हजार स्ट्रीम झाले नाहीत, तर स्पॉटिफाय त्या गाण्याचा एक पैसाही देत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच,' असे तो म्हणाला. स्ट्रीम म्हणजे गाणे एकदा ऐकले जाणे. हा नियम खरा आहे. २०२४ पासून तो लागू आहे. मला आजही सर्वांत जास्त सावध करावेसे वाटते ते याच बाबतीत, कारण त्याने सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी आठ अगदी बरोबर होत्या आणि उरलेल्या दोन त्या आठांच्या आडोशाने आत आल्या.

त्यांनी दिलेले बिल माझ्याकडे आहे. 'एडिटोरियल पिचिंग' नऊ हजार, 'प्लेलिस्ट प्लेसमेंट' वीस हजार, 'सोशल मीडिया' सहा हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३०० रुपये. यातली पहिली रक्कम ज्या कामासाठी घेतली, ते काम फुकट आहे. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे आपले अप्रकाशित गाणे ठेवण्याची सोय कलाकाराच्या स्वतःच्या खात्यातच असते, ती किमान सात दिवस आधी वापरायची असते, आणि संपादकांच्या प्लेलिस्टमधली जागा पैसे देऊन मिळत नाही. दुसऱ्या रकमेची गोष्ट अधिक गंभीर आहे.

गाणे प्रकाशित झाल्यानंतर दर दोन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर आकडे येऊ लागले: पाच हजार, अठरा हजार, बेचाळीस हजार. आकड्यांची छायाचित्रेच तेवढी येत. खात्याचा ताबा 'तांत्रिक कारणामुळे' आमच्याकडे आला नव्हता. माझ्या विद्यार्थिनीने चिकाटीने मागणी लावून धरली, तेव्हा कुठे तिला कलाकाराच्या खात्यात प्रवेश मिळाला. श्रोत्यांच्या शहरांची यादी उघडल्यावर वरच्या ओळीत ॲशबर्न होते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले हे गाव प्रचंड डेटा सेंटरांसाठी ओळखले जाते. त्याखाली फ्रँकफर्ट होते, आणि पुणे बरेच खाली. मुठेच्या पुरावरचे मराठी गाणे ॲशबर्नमध्ये हजारो वेळा वाजले होते, आणि इतक्या हजारांतल्या जेमतेम अकरा जणांनी ते आपल्याकडे सेव्ह करून ठेवले होते, त्यांतले बहुतेक आमचेच नातेवाईक. मग ती प्लेलिस्टही पाहिली. पावसाचे नाव असलेल्या त्या यादीत तुर्की, पोर्तुगीज, कोरियन अशी एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली गाणी एकापाठोपाठ एक लावलेली होती. असा संग्रह कुणी माणूस आवडीने ऐकत बसणे शक्य नाही. ते ऐकणारे बॉट होते, म्हणजे संगणकावर चालणारी बनावट खाती, जी गाणे तीस सेकंदांपेक्षा थोडे अधिक वाजवतात आणि पुढे सरकतात, कारण तीस सेकंद वाजले की एक स्ट्रीम मोजला जातो.

यात नुकसान कुणाचे, असा प्रश्न मला एकाने विचारला होता, म्हणून थोडे स्पष्ट करते. स्पॉटिफाय प्रत्येक स्ट्रीममागे ठरावीक दर देत नाही. जमलेल्या उत्पन्नातला एक मोठा हिस्सा एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात हक्कधारकांत वाटला जातो. त्यामुळे बनावट स्ट्रीमकडे वळलेला प्रत्येक पैसा कुणातरी खऱ्या कलाकाराच्या वाट्यातून जातो. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी एका माणसावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली गाणी बॉटकरवी वाजवून एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी लाटल्याचा आरोप ठेवला, तो याच पद्धतीसाठी. म्हणूनच आता बनावट स्ट्रीम उघड झाले की ते मोजणीतून वगळले जातात, त्यांची रॉयल्टी मिळत नाही, आणि प्रकार ढळढळीत असेल तर डिस्ट्रिब्युटरला गाण्यामागे दंडही बसतो. आमच्या बाबतीत, कंपनीने ज्याच्यामार्फत गाणे दिले होते त्या डिस्ट्रिब्युटरने एक ईमेल पाठवून गाणे सगळीकडून उतरवले. ज्या गायिकेच्या नावावर ते होते, तिचा यात कणभरही दोष नसताना तिच्या खात्यावर संशयाची नोंद राहिली. तिचे वय एकवीस आहे, आणि या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

कंपनीला फोन केला, तेव्हा 'सिस्टिममधली चूक आहे, आम्ही पुन्हा चढवतो' असे उत्तर मिळाले. तोवर दिवाळी जवळ आली होती. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात हे गाणे सादर करायचे होते, म्हणून आम्ही मूळ ध्वनिमुद्रण नदीच्या चित्रीकरणावर बसवून आमच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकले. थोड्याच वेळात त्यावर स्वामित्व हक्काचा दावा आला. दावेदार म्हणून एका अपरिचित म्युझिक लेबलचे नाव होते. ते लेबल याच कंपनीचे निघाले. आमचे ध्वनिमुद्रण त्यांनी यूट्यूबच्या कंटेंट आयडी या व्यवस्थेत आपल्या नावावर नोंदवून ठेवले होते. ही व्यवस्था २००७ पासून आहे. नोंदवलेल्या ध्वनीशी जुळणारा आवाज कुठेही आढळला की दावा आपोआप लागतो, आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न स्वतःकडे वळवायचे की व्हिडिओ अडवायचा, हे दावेदार ठरवतो. आमच्या तबलावादकाने त्याच गाण्यावर केलेली छोटी चित्रफीतही याच दाव्यात अडकली. वीस हजारांच्या प्लेलिस्टचे आमिष कशासाठी होते, ते या ठिकाणी उघड झाले. बॉटचे स्ट्रीम टिकणार नाहीत, हे त्यांना माहीतच होते. त्यांना हवा होता तो ध्वनिमुद्रणावरचा कायमचा हक्क, कारण ध्वनिमुद्रणाचे स्वामित्व प्रकाशनानंतर साठ वर्षे चालते आणि अशी शे-दोनशे गाणी हाताशी असली की त्यातले एखादे कधीतरी चालतेच.

करार आम्ही वाचलेला होता. दोन पानांच्या त्या कागदात डिस्ट्रिब्युशनखेरीज काही नव्हते, आणि आमच्या प्रश्नांना त्या तरुणाने समोर बसून उत्तरेही दिली होती. मात्र शेवटच्या एका कलमात 'कंपनीच्या संकेतस्थळावरील वेळोवेळीच्या अटी या कराराचा भाग समजल्या जातील' असे वाक्य होते. दाव्याबद्दल जाब विचारल्यावर त्यांनी आम्हाला एक अकरा पानी मजकूर पाठवला आणि त्यातल्या एका परिच्छेदाखाली लाल रेघ मारून दिली. ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल यांचे सर्व हक्क जगभरासाठी आणि यावच्चंद्रदिवाकरौ कंपनीकडे गेल्याचे त्यात लिहिले होते. तो मजकूर आम्ही सही केली त्या दिवशी संकेतस्थळावर होता की नंतर घातला, हा आता तपासाचा विषय आहे.

शिवाजीनगरच्या एका वकीलबाईंनी आम्हाला यातून वाट दाखवली. त्यांनी सांगितलेली कायद्याची बाजू प्रत्येक गीतकार-संगीतकाराने मुखोद्गत करावी अशी आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते, आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे नमूद असावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. संकेतस्थळावरच्या अटींवर आमची सही नव्हती, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा २०१२ च्या दुरुस्तीचा: ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा लेखक आणि चालीचा रचनाकार यांना रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा जो हक्क आहे, तो त्यांना सोडून देता येत नाही, कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज इतर कुणाच्या नावे तो करून देता येत नाही. म्हणजे त्या लाल रेघेखालच्या परिच्छेदावर आम्ही सही केली असती, तरी माझ्या मित्राच्या शब्दांवरची रॉयल्टी त्यांना पूर्णपणे गिळता आली नसती.

यूट्यूबवरच्या दाव्याला आम्ही हरकत घेतली. पुरावा म्हणून स्टुडिओचे बिल, ध्वनिमुद्रणाच्या मूळ वेगवेगळ्या ट्रॅकच्या फायली, चाल पहिल्यांदा गुणगुणून मित्राला पाठवलेला व्हॉइस मेसेज आणि त्याच्या वहीतल्या खाडाखोडीच्या पानाचे छायाचित्र, असे सगळे तारखांसकट जमवून ठेवले होते. हरकतीला उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात. त्यांनी उत्तर दिले नाही आणि दावा सुटला. हरकत पाच दिवसांच्या आत घेतली, तर त्या काळातले उत्पन्न पहिल्या दिवसापासून राखून ठेवले जाते, म्हणून वकिलाची वाट पाहत बसू नये. याच काळात मला एक फोन आला होता. बोलणारा स्वतःला यूट्यूबचा अधिकारी म्हणवत होता आणि बारा हजार भरल्यास दावा त्याच दिवशी काढून देतो म्हणत होता. आमच्या दाव्याची माहिती त्याच्याकडे कशी पोहोचली, हे सांगायला नको. दाव्यावरची हरकत विनाशुल्क असते.

कंपनीच्या बिलावरचा जीएसटीचा क्रमांक आमच्या वकीलबाईंनी सरकारी संकेतस्थळावर घालून पाहिला. तिथे कोणालाही क्रमांक तपासता येतो. तो क्रमांक एका केटरिंग व्यवसायाच्या नावावर निघाला. या एका कागदामुळे आमच्या तक्रारीला खरे वजन आले. तोवर प्रकरण करारातल्या मतभेदाचे वाटत होते, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीचे दिसू लागले. शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात आम्ही रीतसर अर्ज दिला आहे. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच तासाला फोन करणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

गाणे नव्या डिस्ट्रिब्युटरकडून पुन्हा आणताना आणखी एक अडचण आली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो आणि डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच ठेवायचा असतो. कंपनीने तो आम्हाला कधीच कळवला नव्हता. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या खुल्या शोधपानावर गाण्याचे नाव टाकल्यावर तो सापडला. आपला क्रमांक पहिल्याच दिवशी मागून वहीत लिहून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मित्राने आणि मी दरम्यान आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीचे सदस्यत्व घेऊन ही रचना आमच्या नावे नोंदवली.

बाणेरचे ते कार्यालय आता बंद आहे. परंतु त्याच तरुणाचा आवाज आणि तेच पॅकेज वेगळ्या नावाने कोथरूडमधल्या एका गायिकेपर्यंत पोहोचल्याचे तिने मला गेल्याच आठवड्यात सांगितले. ज्यांच्याकडे 'संकेतस्थळावरील वेळोवेळीच्या अटी' असे कलम असलेला करार आणि जीएसटी लावलेले बिल आहे, त्यांनी दोन्ही कागद जपून ठेवावेत, संकेतस्थळाच्या पानाची आजची प्रत तारखेसह काढून घ्यावी आणि सायबर पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्यावा. आमच्या एकट्याच्या अर्जावर दोन पक्षांतला वाद म्हणून बोट ठेवता येते. तेच कलम आणि तोच जीएसटी क्रमांक असलेले चार-पाच अर्ज एकत्र आले, तर तसे म्हणणे कठीण जाईल.