घडीचे लँडिंग नेट : रेवदंडा ते उजनी, आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी घडीची दोन लँडिंग नेट, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायची दांड्याची जाळी, वापरली. पहिले डिसेंबरअखेर मोडले आणि दुसरे अजून उत्तम चालू आहे. मी पुण्यात राहतो आणि महिन्यातून दोन-तीनदा गळ टाकायला जातो. कधी मोटारसायकलवरून ताम्हिणी घाट उतरून कोलाड-रोहामार्गे रेवदंड्याला, तर कधी एसटीने भिगवणला उतरून उजनीच्या फुगवट्यावर. पाठीवरची सॅक आणि हातातली रॉडची पिशवी यांखेरीज आणखी काही नेण्याची सोय नसल्यामुळे एकसंध गोल कडीचे मोठे जाळे माझ्या उपयोगाचे नव्हते. घडी करून सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बसेल असेच जाळे मला हवे होते, आणि त्या एका गरजेपायी पहिल्या खेपेस मी चुकीची वस्तू निवडली. तशी चूक इतरांची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले जाळे साडेसहाशे रुपयांचे होते. त्रिकोणी तोंड, चाळीस सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या भुजा, त्यांच्या टोकांना जोडणारी नायलॉनची दोरी, एकात एक सरकणारा तीन भागांचा दांडा आणि हिरव्या नायलॉनची गाठी मारलेली जाळी. घडी केल्यावर ते माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या लांबीचे होत असे. दुकानात मी ते तीनदा उघडले आणि मिटले, आणि तेवढ्यावर समाधान मानले. दुकानात दोन्ही हात मोकळे असतात, वस्तू कोरडी असते आणि दुसऱ्या हातातली रॉड वाकलेली नसते, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही.

डिसेंबरात रेवदंड्याच्या धक्क्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी, ओहोटी निम्मी झालेली असताना तांबोशी ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, लागली. मासा अडीच किलोच्या आसपासचा असावा. त्याने दोनदा धक्क्याच्या खांबांकडे झेप घेतली. त्या खांबांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या धारेला दोरा घासला की तो तुटलाच म्हणून समजावे. मी त्याला कसेबसे मोकळ्या पाण्यात वळवले, डाव्या हाताने कमरेचे जाळे काढले आणि झटका देऊन उघडले. उजवी भुजा पूर्ण उघडली. डावी तीन-चतुर्थांश उघडून अडकली, कारण तिच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या खटक्यात वाळू गेली होती. तोंड अर्धवट मिटलेले असतानाच मी जाळे पाण्यात घातले. माशाचे डोके आत आले, पण ल्युअरच्या मागच्या ट्रेबल हुकचा, म्हणजे तीन काट्यांच्या गळाचा, मोकळा काटा बाहेरच्या बाजूने नायलॉनच्या गाठीत रुतला, आणि मासा आत जाईना की बाहेर येईना. त्याने एकदा जोराने अंग फिरवले, तोंडातला काटा सुटला आणि तो गेला. जाळीत नुसते ल्युअर लोंबकळत राहिले.

शेजारी जाळे सांधत बसलेल्या कोळी काकांनी सगळे पाहिले होते. ते एवढेच म्हणाले, "अरे दादा, जालं आधी पान्यान बुडवून ठेव. म्हावऱ्याला येऊ दे त्याच्यावर, तू नको जाऊ त्याच्या मागं." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जाळे घेऊन माशामागे धावलो की तो सावली पाहून बिथरतो. शेपटीकडून जाळे घातले तर तो पुढे पळण्यासाठी तयारच असतो. डोक्याकडून घातले तर पळण्याची त्याची धडपडच त्याला जाळ्यात आत नेते. मात्र हे तंत्र साधण्यासाठी जाळे मासा दमण्याच्या आधीच, एका हाताने आणि खात्रीने उघडून पाण्यात बुडवता आले पाहिजे. म्हणूनच घडीचे जाळे निवडताना ते मिटल्यावर किती लहान होते याला मी आता दुय्यम मानतो. ते एका हाताने उघडते का आणि एकदा उघडल्यावर उघडेच राहते का, हे दोन प्रश्न माझ्या लेखी पहिले आहेत.

त्याच आठवड्यात पहिल्या जाळ्याच्या भुजा जिथे दांड्याला मिळतात त्या प्लास्टिकच्या तुकड्याला चीर गेलेली दिसली. सगळा भार याच जागी येतो, आणि स्वस्त जाळ्यांमध्ये नेमका हाच भाग सर्वांत कच्चा असतो.

दुसरे जाळे मी बरेच पाहून घेतले. त्याची किंमत एकोणीसशे रुपये पडली. भुजा पंचावन्न सेंटिमीटरच्या आहेत, त्यांचा सांधा ओतीव धातूचा आहे, आणि भुजा उघडल्यावर दांड्यावरची एक कडी पुढे सरकवली की दोन्ही भुजांची बुडे तिच्यात घट्ट बसतात. स्प्रिंगच्या बटणापेक्षा ही सरकती कडी मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात वाळू अडकण्याजोगी फट नाही आणि ती बसली की नाही हे अंधारातही अंगठ्याला कळते. घेण्यापूर्वी मी दुकानदाराची परवानगी घेऊन एक हात खिशात ठेवला आणि फक्त डाव्या हाताने जाळे पाच वेळा उघडले. त्यानंतर तोंड खाली करून भुजांच्या टोकांना दाबून पाहिले. सांध्यात खडखड जाणवली असती तर मी ते घेतले नसते.

जाळीच्या बाबतीत माझे मत पूर्णपणे बदलले, आणि त्याला उजनी कारणीभूत झाली. तिथे चिलापी मुबलक मिळते, आणि तिच्या पाठीवरचा काट्यांचा पंखा गाठीच्या नायलॉनमध्ये असा गुंततो की एकेक काटा बोटाने सोडवावा लागतो. तोवर मासा उन्हात तडफडत असतो, जाळीच्या गाठी त्याच्या अंगावर घासतात, खवले निघतात आणि शेपटीचे पर फाटतात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगजंतूंविरुद्धचे पहिले संरक्षण असते. कोरड्या, खरबरीत जाळीने तो थर पुसला गेला तर वरकरणी ठणठणीत दिसणारा, पाण्यात परत सोडलेला मासाही नंतर बुरशीने मरू शकतो. खायला न्यायचा मासा असेल तर याने फारसा फरक पडत नाही, हे मला मान्य आहे. परंतु लहान मासा आणि पोटात गाभोळी असलेली मादी मी सोडून देतो, त्यामुळे मला फरक पडतो.

दुसऱ्या जाळ्याची जाळी रबराचा मुलामा दिलेली, बिनगाठीची आहे. तिच्यात चिलापीचे काटे क्वचितच अडकतात, आणि ट्रेबल हुक रुतला तरी पकडीने एका हिसक्यात निघतो. फेब्रुवारीत मावळातल्या एका धरणाच्या फुगवट्यात सुमारे दीड फुटांचा महसीर लागला, तेव्हा या जाळीचे मोल मला खरे कळले. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. जाळ्याचा झोळ पाण्यातच ठेवला आणि दांडा काखेत धरून दोन्ही हात मोकळे केले. मासा पाण्याखाली त्या काळ्या झोळात शांत पडून होता, कल्ले संथपणे उघडत-मिटत होते आणि सोनेरी खवल्यांच्या कडा एकेक करून मोजता आल्या असत्या. गळ काढून मी जाळ्याचे तोंड खाली केले आणि तो स्वतःहून निघून गेला. त्याला हात लावण्याची वेळच आली नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या परिसरातल्या नद्यांमधून ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तोच हा दख्खनी महसीर. टाटा पॉवरच्या लोणावळ्याजवळील वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची बीजनिर्मिती करून पिले जलाशयांत सोडली जात आहेत. एवढ्या कष्टाने टिकवलेला मासा गाठीच्या जाळीत लोळवणे मला पटत नाही.

या जाळीचे तोटेही लिहिले पाहिजेत. ती जड आहे, भिजली की आणखी जड होते, आणि वाहत्या पाण्यात ती पाण्याचा जोर धरते. खाडीत ओहोटीची ओढ लागली असताना जाळे एका जागी स्थिर धरणे नायलॉनच्या मानाने निश्चितच अवघड जाते. घडी केल्यावर ती फुगीर राहते, त्यामुळे सॅकचा कप्पा पूर्ण बंद होत नाही. उजनीच्या गाळात ती टेकली तर चिखल धरून ठेवते. शिवाय रबराची जाळी उन्हात वाळत ठेवू नये, मुलामा तडकतो. मी ती सावलीत टांगतो. आसाचा, म्हणजे जाळीच्या छिद्राचा, आकारही पाहून घ्यावा. आस फार मोठा असेल तर माशाचे डोके किंवा कल्ल्याचे झाकण त्यात अडकते, फार बारीक असेल तर पाणी लवकर निथळत नाही. माझ्या जाळीचा आस बोटाच्या पेराएवढा आहे आणि पाव किलोच्या चिलापीपासून चार किलोच्या कटल्यापर्यंत मला तो योग्य वाटला.

दांड्याच्या लांबीबद्दल बाजारात सर्वाधिक दिशाभूल होते, कारण ग्राहक लांबीवर भुलतो. लांब दांडा म्हणजे लांब तरफ. मासा पुढच्या हातापासून दीड मीटरवर असेल, त्याचे वजन तीन किलो असेल आणि आपल्या दोन हातांमधले अंतर अर्धा मीटर असेल, तर दांडा आडवा ठेवून मासा उचलताना मागच्या हाताने नऊ किलोचा दाब खाली द्यावा लागतो आणि पुढच्या हातावर बारा किलोचा भार येतो. एकात एक सरकणाऱ्या पातळ नळ्यांचा सांधा नेमका त्या भाराखाली वाकतो. त्यामुळे मासा जाळ्यात आला की फावड्यासारखा उचलू नये. दांडा मागे ओढत जाळे जवळ आणावे, तोंड वर धरावे आणि शेवटी भुजांनाच हात घालून उचलावे. हे कळल्यापासून माझा दांडा एकदाही वाकलेला नाही.

लांबी किती हवी हे तुम्ही कुठे उभे राहता यावर ठरते. उजनीचा किनारा सपाट आणि उथळ आहे. तिथे एक मीटरही पुरतो, उलट लांब दांड्याची अडचणच होते. मरळीसाठी पाणवनस्पतींच्या कडेने फिरताना तर मी दांडा पूर्ण मिटवूनच वापरतो. खडकावर उभे राहायचे असेल तर पावणेदोन ते दोन मीटर हवा, म्हणजे लाटेच्या माऱ्यात शेवाळलेल्या खालच्या पायरीवर उतरावे लागत नाही. केवळ माशासाठी खाली उतरून पाय घसरण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे, आणि त्यानंतर मी लांबीत काटकसर करत नाही. परंतु धक्क्याचे गणित वेगळेच आहे. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत तीन ते चार मीटरचा फरक पडतो. भरतीला जिथे दोन मीटरचा दांडा सहज पोहोचतो, तिथेच ओहोटीला तो हवेत लोंबकळतो. तिथे दांड्याचे कोणतेही घडीचे जाळे कामाचे नाही. दोरीने खाली सोडायचे गोल कडीचे जाळेच लागते. ते सपाट मिटते, स्वस्त असते, फक्त सोबतीला दुसरा माणूस लागतो, कारण रॉड आणि दोरी एकाच वेळी एकट्याला सांभाळता येत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक कमी असतो, म्हणून एकटा असेन तर मी आता तिथी पाहून तेच दिवस निवडतो.

खाऱ्या पाण्याने होणारे नुकसान सावकाश होते आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी स्क्रू असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि काही महिन्यांत सांधा आवळून बसतो. पहिल्या जाळ्याचे मी हेच केले. दुसऱ्याला प्रत्येक खाडीच्या फेरीनंतर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवतो, दांड्याचे तिन्ही भाग पूर्ण ओढून आतली वाळू धुऊन काढतो आणि वाळल्यावर सांध्याला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावतो. साधे तेल लावू नये, त्याला वाळू चिकटते. कार्बनचा दांडा हलका असतो आणि गंजत नाही, पण तो वीजवाहक आहे. विजेच्या तारांखाली आणि वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या आकाशाखाली तो उंच धरणे जिवावर बेतू शकते. किंमतही दुपटीहून अधिक असल्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

तोंडाच्या मापाविषयी थोडक्यात सांगतो. चाळीस सेंटिमीटरचे तोंड चिलापी आणि काळुंदर यांच्यासाठी पुरेसे आहे. रोहू, कटला, जिताडा किंवा तांबोशी यांची आशा असेल तर पन्नासच्या खाली जाऊ नये. झोळ निदान तोंडाच्या रुंदीइतका खोल असावा. उथळ झोळातून मरळ उसळून बाहेर पडते, हे मी एप्रिलमध्ये प्रत्यक्ष पाहिले. त्या दिवसानंतर मासा आत आला की दांड्याला अर्धा पीळ देऊन झोळ भुजेवर पडेल आणि तोंड मिटेल असे करतो.

जाळ्याच्या बाबतीत माझी एक तक्रार शिल्लक आहे. कमरेला अडकवायचा हुक प्लास्टिकचा होता आणि तो मार्चमध्ये तुटला. त्याच्या जागी मी साठ रुपयांची गिर्यारोहकांसारखी कडी लावली, आणि जाळे हातून सुटले तरी वाहून जाऊ नये म्हणून दांड्याच्या बुडाला हातभर दोरी बांधली. दांडा तरंगत नाही, त्यामुळे ही दोरी मी अत्यावश्यक मानतो. धरणावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

आता पाऊस आला आहे आणि माशांच्या विणीचा काळ सुरू झाला आहे, म्हणून जाळे धुऊन, दांड्याचे भाग सुटे करून माळ्यावर ठेवले आहे. जाळीला दोन ठिकाणी दातांचे ओरखडे आहेत, मुलामा एका कोपऱ्यात गेला आहे, सांधा मात्र पहिल्या दिवसाइतकाच घट्ट आहे. नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा खाली काढेन, आणि या वेळी सॅकच्या तळाशी दोरीचे गोल जाळेही असेल.