पीएचपीत ॲरे फिरवायचा: फॉर की फॉरीच?

ॲरे म्हणजे नोंदींची यादी, आणि ती एकेक नोंद घेत फिरवणारे फॉर व फॉरीच हे दोन्ही लूप तुमच्या हातातले आहेत असं धरून चालतो. वाइलमध्ये ईच लावायची जुनी पद्धत विचारातच घेऊ नका, ईच पीएचपी ७.२ मध्ये डेप्रिकेट झालं (म्हणजे वापरू नका असं ठरलं) आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं.

शेजारच्या दोन नोंदी ताडून बघायच्या, एकाआड एक घ्यायच्या किंवा शेवटाकडून मागे यायचं, तर फॉर सोपा पडतो. इंडेक्स, म्हणजे नोंदीचा क्रमांक, हाताशी असतो.

माझं मत मात्र एकाच त्रासामुळे झुकलं. देखभालीला आलेल्या एका जुन्या बिलिंग कोडमध्ये रद्द ओळी ॲरे फिल्टरने गाळल्या होत्या आणि पुढे शून्यापासून काउंटपर्यंत (एकूण किती घटक तेवढा) फॉर लावला होता. ॲरे फिल्टर मूळ कीज, म्हणजे प्रत्येक घटकाचे क्रमांक किंवा नावं, तशाच ठेवतं. समजा ० ते ४ अशा पाच ओळी आहेत आणि १ नंबरची गळली. काउंट आलं ४, लूप फिरला ० ते ३. १ वर वॉर्निंग येते, ती निदान लॉगमध्ये दिसते. पण ४ नंबरच्या ओळीपर्यंत लूप पोचतच नाही आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. बिलातली शेवटची रक्कम बेरजेतून गायब! गळलेली ओळ नेमकी शेवटची असेल तर सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे टेस्टिंगमध्येही हे निसटतं. ॲरे व्हॅल्यूज लावून कीज नव्याने लावता येतात, पण ते दर वेळी लक्षात ठेवून करायचं, अनसेटने घटक काढल्यानंतरसुद्धा.

फॉरीचला ही कटकटच नाही. घटकाची की आकडा असो वा शब्द, मध्ये खाचा असोत, जे आहे तेवढंच तो देतो.

त्यालाही एक खोड आहे. अँपरसँड (&) लावून रेफरन्सने, म्हणजे व्हेरिएबलमधून थेट मूळ घटकच बदलेल असं, फिरवलं की लूप संपल्यावरही ते व्हेरिएबल शेवटच्या घटकाला चिकटलेलं राहतं. तेच नाव घेऊन पुन्हा साधा फॉरीच चालवला तर १, २, ३ चं १, २, २ होतं. लूपनंतर लगेच ते व्हेरिएबल अनसेट करावं. मी तर रेफरन्स टाळतो आणि घटकाची की घेऊन मूळ ॲरेतच बदल करतो.

वेगाचं म्हणाल, तर माझ्या कामात तरी फरक जाणवला नाही. वेळ खातात त्या डेटाबेसच्या क्वेऱ्या. तुमचं काम निव्वळ आकडेमोडीचं असेल तर अनुभव वेगळा असू शकेल.

शेजारच्या नोंदी ताडायच्या तिथे फॉर खुशाल ठेवा, फक्त त्याआधी ॲरे व्हॅल्यूज लावून घ्या.